गुरुजींचा खालचा आवाज

थळच्या शाळेतले आमचे धोंडू गुरुजी रागावले की आवाज खाली आणत. ओरडले तर विशेष काही नसे. कुजबुजले की वर्ग चिडीचूप. "ज्याला ऐकायचंय तो ऐकेल," म्हणत.

मी चौथीत होते. आकाशात उपग्रह फिरू लागले होते आणि मुंबईत अवकाशाचं प्रदर्शन लागलं होतं. गुरुजींनी आम्हाला लाँचने खाडीपलीकडे तिथे न्यायचं ठरवलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या चंद्रीचा बाप आदल्या वर्षी समुद्रात बुडून गेला होता. तिची आई हिराबाई पोरीला पाण्यावर पाठवायला तयार होईना. गुरुजी तिच्या अंगणात पुन्हा पुन्हा जाऊन बसले. शेवटी ती म्हणाली, "न्या. पन जशी नेली तशी आनून द्या."

प्रदर्शनात उपग्रहाचा लांब मिशांचा चकचकीत गोळा होता आणि एका काळ्या खोलीत दिव्यांचं आभाळ. चंद्री तिथून हलायलाच तयार नव्हती.

परतताना रेवस बंदराच्या अलीकडे लाँचचं इंजिन बंद पडलं. वारा सुटला होता. लाँच लाटांना आडवी झाली, पोरं रडत एका बाजूला धावली, ती बाजू कलली आणि पाणी आत आलं. खलाशाचं ओरडणं कोणी ऐकेना. गुरुजी मधोमध उभे राहिले. "बसा. जागच्या जागी." वाऱ्यात ते किती जणांना ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांचे ओठ कुजबुजताना दिसले आणि सवयीने आम्ही बसलो. मग त्यांनी चंद्रीला काळ्या खोलीत काय पाहिलं ते सांगायला लावलं. इंजिन सुरू होईपर्यंत ती सांगत होती. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी गावकरी शाळेत जमले. गुरुजींची बदली करा, पुढच्या आठवड्यात जाणारी तिसरीच्या वर्गाची सहल बंद करा, असं सगळे म्हणू लागले. गुरुजी मान खाली घालून उभे होते. हिराबाई उठली.

"माजा घरवाला दर्यानं परत दिला न्हाय. पोर गुरुजींनी दिली. तिसरीची पोरं जातील तवा मी बी जानार हाय."

सहल ठरली तशी निघाली.

हिराबाई गेली. चंद्रीही पुन्हा गेली, तिनेच मला हे सांगितलं. लाँच सुटल्यावर हिराबाई बराच वेळ डोळे मिटून होती. मग तिने विचारलं, "गुरुजी, तुमाला पान्यात पवता येतं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

हिराबाई जरा सरकली. "मंग हिकडं बसा. माज्याजवळ."