काचेच्या रबराचं माप

आप्पांच्या जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेचं रबर दुसऱ्यांदा तयार झालं. कुरकुंभजवळ रबराचे पार्ट बनवणाऱ्या हमीदमामांनी आज दुपारी फोनवर तसं सांगितलं.

हा पार्ट कंपनीने कधीच बंद केलाय. काचेतून पाणी गळून गाडीचा तळ गंजायला लागला, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, “आता गळली तर भंगारात.”

म्हणून मी जुनं रबर काढून मामांना दिलं आणि हुबेहूब तसंच करायला सांगितलं. त्यांनी तसंच केलं. बसवताना ते दोन बोटं कमी पडलं.

आज सकाळी मामा स्वतः केडगावला आमच्या घरी आले. काचेच्या चौकटीभोवती सुतळी फिरवत हसले. “तवाच बोललो व्हतो, पण सायबाला हुबेहूब पाहिजे व्हतं! रबर उन्हानं आटलं, पत्रा कुठं आटलाय? माप पत्र्याचं घ्यायचं असतंय.”

मूळ वस्तू हातात आहे म्हणजे माप बरोबरच, असं मी धरून चाललो होतो. तुमचंही कधी असं झालंय का?

उद्या सकाळी रबर बसेल. मग आप्पा गाडीत बसणार आणि मी बाहेरून पाणी मारणार. भंगारवाल्यालाही त्यांनी उद्याच बोलावलंय. मला मात्र बजावलंय, “पाइप जोरात मार. माझी गाडी हाय म्हणून हात आखडू नको.”