विहीर नसलेली कादंबरी

कादंबरी हातात आली की मी आधी एकच बघते: त्या घरात स्वयंपाक कोण करतं. चारशे पानं माणसं प्रेमं करतात, रुसतात, आजारी पडतात आणि एकदाही कुणी चूल पेटवत नाही, म्हणजे त्या लेखकाला बायकांतलं काडीचं कळत नाही, असं मी खुशाल समजते. पुण्याकडचे एक मोठे नावाजलेले लेखक होते. त्यांची नायिका उठली की खिडकीशी आणि बसली की उसासे. अगं बाई, दूध उतू गेलं असेल, बघ की जरा! त्यांची सगळी पुस्तकं मी वाचली, कारण दुसरं हाताशी काही नव्हतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्यांना मनसोक्त नावं ठेवली. त्यापेक्षा कोकणातले एक फारसे कुणाला ठाऊक नसलेले लेखक मला आवडायचे. त्यांच्या बाया भांडता भांडता भाकरी उलटायच्या आणि ती करपायचीही.

हे माझं मत. माझं स्वतःचं. एवढं ठासून सांगते, कारण बरीच वर्षं हुबळीतल्या लोकांना ते माझ्या नवऱ्याचं वाटत होतं.

मी कोल्हापूरची, मराठी सातवी झालेली. आमचे हे हुबळीतले कापडदुकानवाले. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण गिऱ्हाईक सगळं कन्नड, म्हणून सासऱ्यांनी मुलांना कन्नड शाळेत घातलं. त्यामुळे ह्यांची मराठी बोलायला खणखणीत, पण वाचायची म्हटली की ओळीखाली बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत. एक पान संपेपर्यंत चहा निवायचा. ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नव्हती. छप्पन साली गाव म्हैसूर राज्यात गेलं आणि इथल्या मराठी घरांना मराठी वाचनालयाचा एकदम उमाळा आला. वजनदार माणूस म्हणून ह्यांना समितीवर घेतलं. 'मला मराठी धड वाचता येत नाही' असं चारचौघांत सांगायला ह्यांची जीभ रेटली नाही.

मग सुरू झाला आमचा रतीब. दर आठवड्याला हे दोन कादंबऱ्या बगलेत मारून, नावं लोकांना दिसतील अशा बेतानं, बाजारातून घरी यायचे आणि माझ्यापुढे ठेवायचे. रविवारी सकाळी न्हाऊन आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. "अगं, कशी आहे?" मी पोळ्या लाटता लाटता सगळं सांगायची. कोण कुणाची, कोण मेलं, लेखक कुठे घसरला, कुठे साधलं. हे मान हलवत ऐकायचे आणि जेवून वाचनालयाच्या बैठकीला जायचे. मला वाटायचं, नवरा काय रसिक मिळाला! आठवड्यातून तेवढा एक तास कुणीतरी माझं ऐकतंय, म्हणून मी दोन पोळ्या जास्तच लाटायची.

शेजारी एका शाळामास्तरांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. एक दिवस अक्का ताक न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मालकांची नजर काय बारीक हो! कादंबरीत चूल कोण पेटवतं ते आधी बघावं, म्हणाले बैठकीत. आमच्या ह्यांनी वहीत उतरवून घेतलंय. पुरुषमाणसाला असं सुचणं म्हणजे..."

मी ताक ओतत होते ते ओतत राहिले. भांडं भरून खाली सांडलं तेव्हा अक्काच ओरडल्या, "अय्यो, पुरे!"

खरं सांगते, एवढ्यावर मी गप्प बसले असते. घरचंच मत, घरच्याच माणसानं नेलं, जाऊ दे म्हटलं असतं. पण त्याच महिन्यात समितीची माणसं आमच्याकडे फराळाला आली. मी पोहे देत होते. त्यातले एक पुण्याच्या त्या उसासेवाल्यांची तारीफ करत होते, तर माझ्या तोंडून गेलं, "त्यांच्या बायकांना दुसरा उद्योग असतो का काही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि आमचे हे हसून म्हणाले, "हिला काय कळतंय कादंबरीतलं? वेळ जायला वाचते झालं." मी आत गेले. माझी पाठ वळते न वळते तोच बाहेरून ह्यांचा आवाज आला, "तसं बघायला गेलं तर, त्या लेखकाच्या नायिकांना उद्योगच नसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परात उचलून बाहेर जावं आणि सगळ्यांच्या देखत आदळावी असं वाटलं. तशीच ओट्याला धरून उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, थांबा. जिरवते.

संधी यायला फार वाट बघावी लागली नाही. वाचनालयानं एका लेखकाचा सत्कार ठरवला. त्यांची एक कादंबरी मला जिवापाड आवडायची, अजून आवडते. सधन घरातली थोरली सून. एक दिवस दुपारी सगळ्यांना वाढते, हात धुते, ट्रंक उचलते आणि निघून जाते. का गेली, ते लेखक सांगतच नाहीत. माझं मत ठरलेलं होतं: मधल्या प्रकरणात गाणं शिकवायला येणाऱ्या मास्तरांसाठी गेली. त्या शेवटच्या पानावर मी किती वेळा थांबले असेन, देव जाणे.

सत्काराच्या दिवशी ह्या कादंबरीवर ह्यांनी बोलायचं ठरलं. रविवारी हे उंबऱ्यावर येऊन बसले. "अगं, नीट सांग हं. खुद्द लेखक समोर असणार." मी नीट सांगितलं. पहिली दोनशे पानं अगदी खरी सांगितली. आणि शेवटी त्या सुनेला मागच्या अंगणातल्या विहिरीत उडी मारायला लावली. डोळ्याला पदरसुद्धा लावला. विहिरीवरचा रहाट, काठावर राहिलेल्या चपला, पाण्यात सुटलेला अंबाडा, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. ह्यांचेही डोळे भरून आले. मला एका क्षणासाठी दया आली होती, नाही असं नाही. पण 'हिला काय कळतंय' आठवलं आणि दया आली तशी गेली.

सभेत बायका मागे सतरंजीवर बसल्या होत्या. मी मुद्दाम कडेला बसले, ह्यांचं तोंड दिसेल अशी. हे बोलले मात्र झकास! रहाटाबद्दल बोलले, चपलांबद्दल बोलले. "त्या विहिरीत, मंडळी, एकटी तीच बुडाली नाही, ते सगळं घर बुडालं," असं म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं. टाळ्या पडल्या. कादंबरी वाचलेले चार-पाच जण तेवढे एकमेकांकडे बघत राहिले. लेखक उठले, सभ्य माणूस, दोन मिनिटं चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, "विहीर आपण फार सुंदर रंगवलीत. पण माझ्या कादंबरीत विहीरच नाही हो. त्या घरात नळ आहे."

आधी एक जण हसला, मग सगळं सभागृह हसलं. माझ्या शेजारच्या अक्का तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी हसले नाही. मी डोळे भरून बघत होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला तो चेहरा मी आजही मनात आणते आणि मला आजही बरं वाटतं. पाप लागेल तर लागो.

घरी आल्यावर ह्यांनी टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"होय."

"का पण?"

"मला काय कळतंय कादंबरीतलं?" मी म्हटलं आणि पानं घेतली.

खोटं कुणी सांगितलं, हे त्यांनी बाहेर कधी सांगितलं नाही. सांगणार कसे? मग इतकी वर्षं खरं कुणी सांगत होतं तेही सांगावं लागलं असतं. समिती सोडली, बैठक सोडली. माझी पुस्तकं बंद होतील या भीतीनं मी आठवडाभर धास्तावले होते. मग पदर खोचून स्वतः वाचनालयात गेले आणि स्वतःच्या नावानं सभासद झाले. कारकून म्हणाला, "मालकांच्या नावावर आहे की." मी म्हटलं, "त्यांचं त्यांच्याजवळ. माझं वेगळं लिही."

आणि ह्यांनी काय करावं? तीच कादंबरी घेऊन बसले. सून गाण्याच्या मास्तरांसाठी गेली, हे माझं मत मी एव्हाना त्यांना ऐकवलं होतं. दुपारी दुकानातून जेवायला आले की ओळीखाली बोट, ओठ हलतायत, अक्षराला अक्षर. एखादं जोडाक्षर अडलं की माझ्याकडे बघायचे. मी निवडत असलेल्या तांदळातून मान वर काढायची नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. एक दिवस पुस्तक मिटलं आणि स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणाले, "आकिन्न यारू केळलिल्ल." तिला कुणी विचारलंच नाही. मग माझ्याकडे वळले. "सगळे तिला सांगतायत, हे कर, ते वाढ. तुला काय वाटतं असं अख्ख्या पुस्तकात एकदा तरी कुणी विचारलंय का? म्हणून गेली. गाण्याच्या मास्तराचं काय घेऊन बसलीस?"

मी रात्रीच्या भाजीचं निमित्त करून परसात गेले. किती वेळा वाचली होती मी ती कादंबरी, आणि हे मला दिसलं नव्हतं! ज्याला ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नाही त्याला दिसलं. आणि ते खरं होतं, तोच राग. दुसऱ्या दिवशी सगळं पुस्तक परत चाळलं. कुठे एक प्रश्न सापडेल तर त्यांच्या तोंडावर फेकीन म्हटलं. नाही सापडला.

पुढे आम्ही गावाबाहेर नवनगरला राहायला गेलो. हुबळीतल्या एका महिला मंडळानं मला आवडत्या कादंबरीवर बोलायला बोलावलं. हे माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. मी ती कादंबरी सांगितली. शेवटाशी आले आणि म्हटलं, "मला विचाराल तर ती मास्तरासाठी गेली नाही. तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून गेली." दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. कितीतरी वेळ टाळ्या वाजत होत्या. मी शेवटच्या खुर्चीकडे सरळ बघत होते, आणि हे मत कुणाचं ते सांगितलं नाही.

बसमधून परत येताना ते म्हणाले, "ते शेवटचं..."

"काय शेवटचं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "काही नाही. चांगलं बोललीस."

आता हे नाहीत. कादंबऱ्यांबद्दल त्यांचं स्वतःचं असं आयुष्यात एकच मत होतं, आणि तेही मी घेतलं. कधी कधी फार वाईट वाटतं. पण अजूनही कुणी त्या कादंबरीबद्दल विचारलं, की मी तेच सांगते आणि माझं म्हणूनच सांगते.