जानूचं थडगं

मालवणला मी आजवर मासे खायला आणि किल्ला बघायला जात आले. या वेळी खालासाठी गेले, आणि खरं सांगते, निघायच्या आधीच दमले होते. खाला म्हणजे आईची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, कट्टा गावात लेकाकडे राहते. मालवणजवळच्या एका जुन्या बंगल्याची जाहिरात मी तिला मोबाईलवर सहज दाखवली होती: 'साहेबाच्या बाळाची खोली पाहा.' खालाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं नि म्हणाली, "माका थंय घेवन चल."

मिठाच्या खात्यातल्या गोऱ्या साहेबाचा तो बंगला. माझी नानी तिथे आया होती. मडमेला दूध नव्हतं, म्हणून नानीने खालाबरोबर साहेबाच्या मुलालाही पाजलं. आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेली पोरं भावंडंच धरतात. त्याचं नाव जॉन, आमच्या घरात जानू. पाचेक वर्षांचा झाल्यावर त्याला शिकायला विलायतेला धाडलं. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवताना "माका जावचा नाय" म्हणत नानीचा पदर सोडेना, हे खालाने स्वतः पाहिलेलं. पुढे ना पत्र, ना निरोप.

कोल्हापूरहून फोंडा घाटाने कणकवली गाठली. एसटीच घ्या, पण आलेपाक जवळ ठेवा, वळणं पोट ढवळून काढतात. कणकवलीहून मालवणची गाडी कट्ट्यावरूनच जाते. रात्र खालाकडे काढली, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं, आणि सगळ्या प्रवासात मला जो काय आनंद झाला तो तेवढाच. सकाळी मालवणच्या स्टँडवर रिक्षा ठरवली. भाडं आधी बोलून घ्या, आणि परतीचंही, कारण बंगल्यापाशी रिक्षा मिळत नाही.

बंगला छान रंगवलाय. तिकीट दोनशे, त्यात चहा आणि काकडीचं सँडविच. पन्नाशीचा गाइड खाकी अर्धी चड्डी आणि साहेबी टोपी घालून उभा. त्याची दया आली, डिसेंबरातसुद्धा घामाने निथळत होता. पाळणा, लाकडी घोडा, मच्छरदाणी दाखवून झाल्यावर तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबांचं बाळ इथंच गेलं. आजही पाळणा आपोआप हलतो." मग सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. चाफ्याखाली छोटं थडगं, वर जॉनचं नाव, वय वर्षं पाच. लोकांनी फोटो काढले.

खाला माझा दंड धरून उभी होती. "बोटीतच गेलो आसतलो," ती म्हणाली. "हयसर हाडून पुरलो, आणि आवशीक कोणी सांगूक नाय." आवस म्हणजे तिची आई, माझी नानी. बोटीत गेलेलं पोर इथे परत आणून कोण पुरेल, ही शंका माझ्या डोक्यात येत होती, पण ती बोलायच्या आत खाला मातीत बसली. आपल्या आईच्या कबरीवर पढते तसं पढायला लागली. एकाने मोबाईल खिशात घातला. मला रडू आलं, आणि रागही आला, कोणावर ते कळेना.

गाइड माझ्याजवळ आला. "आजी त्या बाळाच्या कोण?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. लोकांना चहाकडे पाठवलं आणि खालासमोर उकिडवा बसून आपल्या बोलीवर आला. "आजी, ता थडगा खोटा आसा. मालकान कणकवलीत करून घेतला. पाळणो पण जुन्या बाजारातलो. नाव तेवढा खरा, सरकारी कागदात गावला."

खालाने मातीचे हात पदराला पुसले. "म्हणजे तो मरूक नाय?"

"ता माका ठावक नाय. पण हयसर कोण पुरूक नाय. मालकाक सांगतंय, काढून टाकूया."

"नको," खाला उठताना म्हणाली. "रवांदे तसाच."

गाइड गोंधळला, मीही. मला वाटलं होतं, खालाला हायसं वाटेल.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती बाहेर बघत होती. कट्ट्याला तिला घरी सोडून मगच मी पुढे जाणार होते. कट्टा जवळ आल्यावर ती बोलली. "आवस मरासर तेची वाट बघी. पाच वर्सांचो मेलो म्हटल्यावर तेचो दोष नाय गो. जगलो आसात तर इसारलो."

मलाही तोच जानू बरा वाटत होता, चाफ्याखालचा.

घरी येऊन आठवडा झाला. गुडघे अजून बोलतायत. मालवणला जाणार असाल तर किल्ला बघा, बाजारात सकाळी लवकर जा. बंगला बघायलाच हवा असं नाही, पण सँडविच वाईट नव्हतं. बंगल्याच्या पानावर अभिप्राय लिहायला बसले तेव्हा थडगं खोटं आहे हे लिहून खोडलं. खालाचा लेक ते पान तिला वाचून दाखवतो, आणि तिला ते पुन्हा ऐकायला लागू नये. माझा ब्लॉग तो वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.