न उचललेली दोरी

एक्सरच्या गावठाणात राहणाऱ्या फ्लेविया हेन्रिक्स यांनी गेल्या हिवाळ्यात गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायचे नवे रील विकत घेतले, ते मासे पकडण्यासाठी नव्हते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगवर देखरेख करण्यात या बाईंचे आयुष्य गेले. चूक पोटात घालण्याबद्दल त्या तिथेही कधी प्रसिद्ध नव्हत्या. पण साधन निवडून, दिवसाची वाट पाहून कुणाचे नुकसान करायला त्या प्रथमच निघाल्या होत्या.

गोराईला वाळू संपून काळा खडक समुद्रात शिरतो, तिथे सुट्टीच्या सकाळी भरती लागताना काही मंडळी गळ टाकून गरवायला जमतात. फ्लेवियाबाईंचे पती एडवर्ड त्यांतले जुने. त्यांचे रील मल्टिप्लायर जातीचे. त्यात दोरीची फिरकी फेकीबरोबर स्वतःच गरगरत सुटते आणि तिला अंगठ्याने आवरावे लागते. अंगठा सैल पडला की दोरीच्या टोकाचे शिसे मंदावते, फिरकी मात्र थांबत नाही, आणि हातात नुसता गुंता उरतो. स्पिनिंग रीलमध्ये फिरकी जागची हलत नाही. दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निसटते. शिकायला सोपे, वाऱ्याला न घाबरणारे. एडवर्डना ते कमी प्रतीचे वाटे. त्यांनी पत्नीला मल्टिप्लायर शिकवले, तेही तिने मागे लागून शिकवायला लावले म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर बाई तेच रील घेऊन त्यांच्याच जागी उभ्या राहू लागल्या. कुणी हरकत घेतली नाही. त्या जागेवर उभे असताना आपण विधवा आहोत हे आठवत नाही, असे त्यांनी एकदा सांगितले होते.

खडकाचा एक कायदा आहे. कुणी "लागला!" अशी हाक दिली की शेजारच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून काठ्या उभ्या धरायच्या, म्हणजे लागलेला मासा दुसऱ्याच्या दोरीत अडकत नाही. जो मुद्दाम दोरी पाण्यात ठेवील त्याची खडकावरची जागा जाते. वाऱ्याने दोरी आडवी गेली असेल तर माफी. जी माणसे आपले वाद आपसांतच मिटवू पाहतात त्यांना एखादी पळवाट ठेवावीच लागते. इथे ती वाऱ्याची होती. त्यामुळे आजवर कुणीही मुद्दाम काही केल्याचे कबूल केलेले नव्हते आणि तो कायदा कुणालाच लागू झालेला नव्हता.

एडवर्डच्या वर्षाच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेच्या, आदल्या दिवशी फ्लेवियाबाईंना जिताडा लागला. मिस्सानंतरच्या जेवणात एडवर्डच्या रीलवर आलेला मासा वाढायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी हाक दिली. सगळ्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. शेजारच्या देवेशने गुंडाळली नाही. हा अंधेरीच्या एका संगणक कंपनीतला चाळिशीचा अधिकारी. त्याच्या स्पिनिंग रीलवर विणलेली बारीक, चिवट दोरी होती. बाईंच्या रीलवर साधा तंगूस, नायलॉनचा. ताणलेल्या तंगुसावर विणलेली दोरी करवतीसारखी चालते. जिताडा गेला.

"सॉरी आंटी, वाऱ्याने ओढली माझी दोरी," देवेश म्हणाला. "पण खरं सांगू? ते म्युझियम आता घरी ठेवा. स्पिनिंग घ्या ना, एकदम झकास."

दोघे-तिघे हसले. त्या सकाळी वारा पडलेला होता. आणि हाक ऐकून देवेशने वळून आपल्याकडे पाहिले होते, हात मात्र हलवला नव्हता, हे बाईंनी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातली सुरमई आणून वाढली. पाहुण्यांनी तिची तारीफ केली. ती तारीफ त्यांना थप्पड मारल्यासारखी लागली.

हा राग काळाने निवळायला हवा होता, असे आपण सहज म्हणून जातो. पण अन्याय करणारा दर सुट्टीला शेजारी उभा राहून "गुड मॉर्निंग आंटी" म्हणत असेल, तर काळ काहीच निववीत नाही. त्यातच काही महिन्यांनी देवेश नवे, चकचकीत मल्टिप्लायर घेऊन आला, तंगूस भरलेले. लांब फेकीसाठी यासारखे दुसरे नाही, असे तो खडकावर सर्वांना समजावू लागला. बाईंनाही त्याने समजावले. त्यांनी ऐकून घेतले, आणि त्या क्षणी त्यांचे ठरले. आता तंगूस त्याच्याकडे होता.

कुर्ल्याला गळ, काठ्या आणि रीलांचे दुकान चालवणारा सुबोध त्यांना पाहून खूश झाला.

"आलात ना शेवटी स्पिनिंगवर! मी एडवर्ड अंकलना किती सांगितलं. ते म्हणायचे, सुबोध, तू मला लुना विकतोस, मी बुलेट चालवणारा माणूस."

"लुनाच दे," बाई म्हणाल्या. "विणलेली दोरी भरून. सगळ्यात बारीक."

"बारीक चालेल? खडकाला घासली तर—"

"आडव्या फेकीला कशी जाते?"

"आडवी कशाला फेकता?" सुबोध हसला. "मासा पकडायचाय की माणूस?"

"तू रील दाखव रे."

एडवर्डचे रील घरी होते, तेल घातलेले, चालू. विणलेली दोरी त्यावरही भरता आली असती. तिचे वेढे एकमेकांत रुततात, फेक अडखळते, पण काम झाले असते. बाईंनी तो विचार केला आणि सोडला. मासा हवा असता तर त्यांनी मल्टिप्लायरच घेतले असते, यात त्यांना शंका नव्हती. जे करायचे होते त्यात एडवर्डचा हात असू नये, इतकेच त्यांना वाटत होते. सूड घेणाऱ्या माणसाला विधिनिषेध उरत नाही, हे म्हणूनच मला अर्धेच खरे वाटते. तो उरतो, फक्त वेगळ्या जागी.

नवे रील पाहून देवेशने टाळी वाजवली. "ऐकलंत ना माझं!"

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

पुढे कितीतरी सुट्ट्या त्या शांतपणे येत राहिल्या. देवेशला शिंगाळे लागत, लहान तांबोशी लागे. त्याने हाक दिली की बाई सर्वांआधी दोरी गुंडाळीत. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी देवेशची काठी मुळापासून वाकली. त्याची बायको निधी त्या दिवशी प्रथमच सोबत आली होती आणि मोबाइलवर चित्रण करत होती.

"लागला! लागला रे! रावस आहे, मोठा आहे!"

दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. फ्लेवियाबाईंनी आपली ताणून धरली आणि काठीचे टोक देवेशच्या बाजूला नेले. दोन दोऱ्या भेटल्याचे त्यांना बोटांत कळले. त्यांनी हँडल फिरवले. देवेशची काठी एकदम सरळ झाली आणि तो मागे, ओल्या खडकावर बसला.

निधीने मोबाइल खाली घेतला. देवेश उठला आणि तुटून लोंबणाऱ्या तंगुसाकडे पाहू लागला. जिताडा गेला तेव्हा आपलाही चेहरा असाच झाला असणार, असे बाईंना वाटले, आणि त्यांना बरे वाटले.

खडकावर ज्यांचा शब्द चाले ते चंद्रप्रकाश सावंत, मूळचे मालवणकडचे, एडवर्डचे मित्र, पुढे आले. "वयनी, ह्या काय झाला? वारो इलो काय?"

ते बाईंना वाटच काढून देत होते, हे सर्वांना समजत होते. होय म्हटले की प्रकरण मिटले असते; देवेशला काही सिद्ध करता आले नसते.

"वारा कुठला, चंदूभावजी? मी मुद्दाम केलं."

"आंटी, तुम्ही—" देवेश ओरडला. "इतकी हरामखोरी?"

"तू केलीस तेवढीच. तू वाऱ्याचं नाव सांगितलंस. मी माझं सांगते. वाऱ्याचं सांगितलं असतं तर तू घरी जाऊन वाऱ्याला शिव्या दिल्या असत्यास. मला तसं नको होतं."

देवेशने चंद्रप्रकाशांकडे पाहिले. त्याच्या नजरेत आता मासा नव्हता, कायदा होता. कायदा मोडल्याची कबुली चंद्रप्रकाशांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती, आणि ती मित्राच्या बायकोची होती.

"मग जागा सोडूक लागतली, वयनी."

"ठाऊक आहे."

"आणि ह्याचं काय?" बाजूच्या एकाने देवेशकडे बोट दाखवले. "गेल्या वर्षी—"

"माझं काय? वारा होता तेव्हा!" देवेश म्हणाला. निधीने त्याच्याकडे पाहिले, मग दुसरीकडे.

बाईंनी सामान आवरले. एडवर्ड उभे राहत त्या जागेकडे पाहताना त्यांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवले नाहीत. देवेशजवळून जाताना त्या थांबल्या. "उद्या तुमच्याकडे सुरमई करा," त्या म्हणाल्या. "बाजारात चांगली मिळते."

आता त्या खाडीच्या बाजूला, जुन्या धक्क्यावर मल्टिप्लायर घेऊन बसतात. तिथे बोटभर शिंगाळ्यांपलीकडे काही येत नाही आणि लांब फेकीला जागाही नाही. पावसाळ्याआधी चंद्रप्रकाश स्वतः तिथे गेले होते. वारा होता एवढेच चारचौघांत म्हणा, सगळे विसरायला तयार आहेत, देवेशसुद्धा, असे त्यांनी सांगितले. बाईंनी त्यांना थर्मासमधला चहा दिला. जिताडा गेला तेव्हा वारा होता की नव्हता, देवेश आधी काय म्हणतो ते कळवा, मग बघू, असे त्या म्हणाल्या. चंद्रप्रकाश चहा पिऊन परत गेले. निरोप अजून आलेला नाही.