शून्यकाकांची टाकी

गिऱ्हाइकाला "आधी शून्य बघून घ्या" असं बजावल्याशिवाय ते पाइपला हात लावत नसत, म्हणून सगळे त्यांना शून्यकाका म्हणत. माणूस सशाच्या काळजाचा. काडेपेटीला भ्यायचे, साहेबाला भ्यायचे, बायकोला तर भ्यायचेच. पण डिझेलचा पंप सांभाळायला असाच माणूस लागतो. त्यांच्या पंपावर कधी ठिणगीसुद्धा पडली नव्हती.

शेजारच्या देशाशी लढाई जुंपली तेव्हा आपल्या लष्कराचा एक अधिकारी येऊन सांगून गेला, "शत्रू जवळ आला की आम्ही फोन करू. मग सगळं डिझेल नाल्यात सोडून द्यायचं. पण फोन येईपर्यंत थेंबही सांडायचा नाही, आपल्या गाड्यांनाही लागेल." काकांनी मान डोलावली. हुकमाबाहेर जाणं त्यांच्या सात पिढ्यांना जमलं नव्हतं.

समोरचा न्हावी स्वतःला लढायांमधला जाणकार समजायचा. "सैन्य पोटावर चालतं, काका. तोफा, तंबू, भटारखाना, सगळा संसार ओढत यायचं. आठवडा तरी कुठे गेला नाही!"

तरी काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीला आठवा महिना होता. सकाळीच त्यांनी तिला आणि बायकोला दूधवाल्याच्या घोडागाडीत बसवलं. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे आपली फौज होती. लेकीला गचके बसू नयेत म्हणून गाडी हळूहळू हाकायची आणि संध्याकाळपर्यंत पूल गाठायचा, असं ठरलं.

"बाबा, तुम्हीही चला ना."

"फोन आला की निघालोच, बाळा."

दुपारी रस्त्यावर धुरळा उठला. आधी मोटारसायकली आल्या, मागून शत्रूच्या रणगाड्यांची रांग. ते कुठे लढत थांबलेच नव्हते. सीमेवरच्या आपल्या फौजेला वळसा घालून, तिला मागे तशीच बसलेली सोडून ते सरळ आत घुसले होते. काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता. न्हाव्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं.

पहिल्या रणगाड्यातून एक पोरगेलासा अधिकारी उतरला. डोळे जागरणाने लाल झालेले. "भरा," तो म्हणाला.

काकांच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "आधी शून्य बघून घ्या."

अधिकारी पोट धरून हसला. काका एकेक रणगाडा भरत गेले, काठोकाठ, थेंबही न सांडता. भीतीने डोकं बधिर झालं होतं. हात आपले काम करत होते.

"आम्ही इतके पळालो की आमचं डिझेल मागेच राहिलं," अधिकारी खुशीत म्हणाला. "तुमची टाकी कोरडी असती ना काका, तर रात्रभर इथेच माशा मारत बसलो असतो. आता तासाभरात पूल आमचा."

तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रस्ता एकच होता. त्याच रस्त्यावर ती घोडागाडी हळूहळू चालली होती.

"साहेब, माझी लेक..." एवढंच कसंबसं बाहेर पडलं. इंजिनांच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार?

रणगाडे गेले. काका पाइप हातात धरून तसेच उभे राहिले. आणि वरातीमागून घोडं यावं तसा फोन वाजला.

"हॅलो, पंप का? शत्रू उद्यापर्यंत तुमच्याकडे पोचेल. टाकी रिकामी करा."

"रिकामी झाली, साहेब," काका म्हणाले.

"शाब्बास! मग तुम्हीही निघा आता. पूल अजून आपलाच आहे."

"साहेब, ऐका, ते येऊन..."

पलीकडून फोन ठेवलाही होता. काकांनी पाइप जमिनीवर टाकून दिला, जन्मात पहिल्यांदाच, आणि ते पुलाच्या रस्त्याने पळत सुटले, आपणच भरून दिलेल्या रणगाड्यांच्या मागे.