मामंजींची विलायती तबकडी
वाळत घातलेल्या सुपारीचा वास आला की मला श्रीवर्धनमधल्या त्या दुपारी आठवतात आणि अजून चिडायला होतं. लग्नाला वर्ष झालं होतं, आठवड्यावर रेडिओची गायन चाचणी आली होती आणि रियाजाला मला दुपारच तेवढी मिळायची. नेमके तेव्हाच डॉक्टर सासरे दवाखाना बंद करून यायचे, फोनोला चावी द्यायचे आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या दिरांनी आणलेली तबकडी लावायचे. पन्नासेक व्हायोलिनं पाकात घोळल्यासारखी वाजायची, शब्द एक नाही, आणि बाजू संपली की पुन्हा तीच. माझा षड्ज जागेवर लागेना. शेवटी मी फोनोच्या सुयांची डबी तांदळात लपवली. सासऱ्यांनी कपाट शोधलं, फोनोखाली वाकून पाहिलं आणि तबकडी हातात घेऊन झोपाळ्यावर बसले. मला राहवेना. "मामंजी, एवढं काय आहे हो त्यात?" ते म्हणाले, "सकाळपासून जो येतो तो कुठे दुखतं ते सांगतो. हे वाजवणारे काहीच सांगत नाहीत गं, नुसतं बरं वाटतं." मी डबी आणून दिली. कुठे होती हे न विचारता त्यांनी लगेच तबकडी लावली. मग मी रोज पहाटे समुद्रावर जाऊन गायले, वाऱ्याने घसा बसला आणि मुंबईला चाचणीत नापास झाले. मुंबईहून परतले तेव्हा फोनो चालूच होता. मला पाहून सासरे तो बंद करायला उठले. मी म्हटलं, "असू दे." ते संगीत मला आजही आवडत नाही, पण त्या दिवशी पदर तोंडावर घेऊन मी दोन्ही बाजू ऐकल्या.