ढग आले म्हणून

महिन्याअखेरीस होडी विकायची ठरली होती. आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेली ती शिडाची जुनी यॉट. दोघे परगावी गेले आणि मला एकट्याला काही ती सांभाळता येईना. विकण्याआधी मला एकच गोष्ट करायची होती: आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विजयदुर्गाहून रत्नागिरीपर्यंत शिडावर न्यायचं होतं. इंजिन बंद ठेवून.

आमची द्राक्षबाग कुंडलजवळ. ती धाकटा भाऊ बघतो. मी साताऱ्यात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की घाट उतरून समुद्र गाठतो. आबा याला कायम 'चाळा' म्हणत आले. बाग सोडून पोरगं खाऱ्या पाण्यात काय करतं, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा. होडी विकतोय हे त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'बरं झालं' म्हणाले असते आणि आलेच नसते.

मार्चमध्ये माल उतरला की एप्रिलच्या छाटणीपर्यंत बागायतदाराला जरा उसंत मिळते. यंदा उरलेल्या मालाचा बेदाणा शेडवर वाळत होता. तो भावाच्या हवाली करून आबा आले खरे, पण तीन दिवसांच्या बोलीवर. त्यातला एक दिवस येण्यातच गेला.

मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे रत्नागिरीकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. मी दोन आठवडे हवामानाचा नकाशा बघत होतो. आणि अंदाज आला तो असा, की मला नाचावंसं वाटलं. नेमका आम्हाला हवा त्याच दिवशी दक्षिणेचा हलका वारा, सोबत थोडे ढग. असा वारा त्या दिवसांत मागूनही मिळत नाही.

सकाळी आबा धक्क्यावर कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभे होते.

"आज न्हाई जायचं."

"का?"

"आभाळ भरलंय, दिसत न्हाई व्हय तुला?"

"आवं आबा, वारं बघा की कसं मऊ हाय. पाठीमागनं हाय. सांजच्याला रत्नागिरीत."

"अवकाळीचं ढग हायत रं. गारा पडत्याल."

आबांच्या लेखी आभाळाला दोनच रंग. निळं असेल तर सगळं ठीक, ढग आले की औषध फवारा, बागेत फेऱ्या मारा, देवाला हात जोडा. वारा त्यांच्या हिशेबातच नाही. वेली तारांना बांधलेल्या. वारा त्यांचं काय करणार? मी नकाशा दाखवला, समजावलं, शेवटी हात जोडले. ते ढिम्म हलले नाहीत. दिवसभर धक्क्यावर बसून भावाला फोन करत राहिले. बेदाण्यावर प्लास्टिकचा कागद टाक, कडा दाबून घे, दगड ठेव. आणि तो सोन्यासारखा वारा आमच्या डोक्यावरून एकटाच रत्नागिरीला गेला. पावसाचा एक थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार. आबा माझ्या आधी तयार, डोक्यावर पांढरी टोपी.

"आता कसं! चल."

"आज वारं तोंडावर हाय, आबा."

"ढग हाय का एक तरी?"

नव्हता. तीच तर पंचाईत होती: ढगांबरोबर दक्षिणेचा वाराही गेला होता. पण आज नाही तर कधीच नाही, म्हणून निघालो.

सकाळी वाऱ्याचा पत्ता नव्हता, इंजिनवरच गेलो. दुपारी तो उठला. शिडाची होडी समोरच्या वाऱ्यात सरळ जात नाही, घाटरस्त्यासारखी वळणं घेत जावं लागतं. होडी एका अंगावर कलली, लाटा अंगावर फुटू लागल्या. आबांनी टोपी खिशात कोंबली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि ओकू लागले.

"ऊन असून असं कसं रं?"

किती वळणं घेतली तरी जैतापूरचं दीपगृह जागचं हलेना. पुन्हा इंजिन लावलं तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलून धाडकन आपटायला लागली. माझा तोल सुटला.

"काल वारं पाठीमागनं हुतं! काल!"

आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडलो. मी होडी वळवली. रत्नागिरी संपली.

वळताच होडी सरळ झाली, आपटणं थांबलं. इंजिनचा आवाज ऐकवेना म्हणून तेही बंद केलं. मग फक्त पाण्याची सळसळ उरली. थोड्या वेळानं आबांनी मान वर केली.

"वारं पडलं व्हय?"

"न्हाई. तेवढंच हाय. आता पाठीमागनं येतंय."

त्यांनी शिडाकडे बघितलं. मग मागे, उठणाऱ्या लाटांकडे. हळूच माझ्याजवळ सरकले.

"दे जरा."

सुकाणू त्यांच्या हातात दिलं. विजयदुर्गाचा किल्ला दिसेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. मी मात्र आतून जळत होतो. हेच सुख काल दिवसभर मिळालं असतं आणि आता वाट्याला आलं ते परतीच्या वाटेवर, हरून येताना.

धक्क्याला लागलो तेव्हा भावाचा फोन आला. बेदाणा कोरडा होता, तिकडेही पाऊस नव्हता. आबांनी फोन खिशात ठेवला.

"म्हंजे काल जायाचं हुतं."

"व्हय," मी म्हणालो. दोर बांधायच्या निमित्तानं खाली वाकलेलोच राहिलो.

"चुकलं माजं. आता पुढच्या मार्चात ढग आलं की फोन कर. बेदाणा असू दे न्हाईतर काय बी असू दे. मी येतो. दोघं रत्नागिरीला जाऊ, इंजान न लावता."

इतक्या वर्षांत त्यांनी या होडीवर यायचं आपणहून कधी म्हटलं नव्हतं.

"करतो फोन," मी म्हणालो.

होडी बघायला गिऱ्हाईक परवा येणार होतं.